गाबोळीची बरणी

सप्टेंबर संपत आला की वॉशिंग्टन राज्यातल्या नद्यांना कोहो सामन चढू लागतो. पहिला दमदार पाऊस झाला, पाणी जरा गढूळलं, की मुखाशी थबकलेले मासे वर निघतात. कोकणातून इथे आलेल्या आमच्या पिढीला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मृगाच्या सरी कोसळल्यावर ओढ्यातून, पाणंदीतून, शेताच्या बांधावरून उसळ्या मारत वर जाणारे चढणीचे मासे आम्ही लहानपणी पाहिले होते. ऋतू वेगळा, मासा वेगळा, पाण्याचा गारठा तर फारच वेगळा. पण पोटात गाबोळी घेऊन प्रवाहाविरुद्ध निघालेल्या मादीची घाई तीच.

नव्वदच्या दशकात सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या भागात नोकरीनिमित्त जे मराठी लोक आले, त्यांतले काही जण गळ घेऊन नदीवर जाऊ लागले. आमची संख्या फार नव्हती, पण काठावर एकमेकांना हुडकून काढण्याइतकी होती. मालवण, रत्नागिरी, अलिबाग, पणजी. गाव सांगितलं की कुणाचा जीव कुठल्या माशावर आहे ते कळायचं. आमच्या घरांत त्या काळी एक वस्तू हटकून असायची. फ्रीजरमध्ये, मटारच्या पाकिटांच्या मागे, लालभडक गाबोळीची काचेची बरणी. ती खायची नव्हती, ती आमिषाची होती. आता बहुतेक घरांतून ती गेली आहे. ती गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ती जाण्यामागची बरीच कारणं मला मनापासून पटतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

गाबोळी आमिषाला लावायची, ही कल्पनाच आम्हांला आधी पचली नव्हती. आमच्याकडे गाबोळी म्हणजे ताटातला मानाचा घास. हळद-मीठ-तिखट चोळून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतलेली गाबोळी घरातल्या धाकट्या मुलाच्या नाहीतर पाहुण्याच्या वाट्याला यायची. गळाला गांडूळ होतं, बारीक कोळंबी होती, काहीच नसेल तेव्हा कणकेची गोळी होती. इथल्या नदीचा हिशेब निराळा. सामन मादी नदीच्या तळातल्या खड्यांत खळगा करून अंडी घालते, त्यांतली काही सुटून प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात, आणि मागावर असलेले स्टीलहेड नि ट्राउट ती टिपून खातात. खुद्द सामन गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं जवळजवळ सोडूनच देतो; तरीही गाबोळीचा तुकडा समोरून गेला तर तो तोंडात धरतो. का धरतो, यावरून काठावर तट पडलेले असत. कुणी म्हणे राग, कुणी म्हणे समुद्रातली जुनी सवय, कुणी म्हणे परक्या मादीची अंडी वाटेतून दूर सारण्याची ओढ. वाद कधी मिटला नाही, आणि मासा धरायचं कधी थांबला नाही.

पण ताजी गाबोळी गळावर टिकत नाही. दोन-चार फेकी झाल्या की दाणे फुटतात, रस वाहून जातो, उरतो तो पांढरा पडलेला पापुद्रा. म्हणून ती मुरवायची. हे मुरवणं आम्ही शिकलो ते काठावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून. लाकूडतोडीत, विमानाच्या कारखान्यात, बंदरावर आयुष्य काढून निवृत्त झालेली ती माणसं होती. वडिलांच्या वयाच्या त्या माणसांना नुसत्या नावाने हाक मारताना आमची जीभ अडखळायची, आणि आम्ही बिचकतोय हे त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. जागा ते कधी सांगत नसत. कुठल्या डोहात मासा थांबतो, हे त्यांनी सख्ख्या भावापासूनही लपवलेलं असे. कृती मात्र विचारली की सांगत, आणि विचारली नाही तरी सांगत.

आता कृती विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. फोनवर शेकडो चित्रफिती आहेत, प्रत्येक पायरी जवळून दाखवलेली, हवी तिथे थांबवून पुन्हा पाहता येणारी. नदीला पाणी किती आहे हे सरकारी मोजपट्टीवरून घरबसल्या कळतं, मासा किती आला हे मत्स्यबीज केंद्राच्या आकड्यांवरून कळतं. नव्या मुलाला पहिल्या वर्षी जे माहीत असतं, ते आम्हांला कळायला कैक हिवाळे जावे लागले. शिवाय त्या म्हाताऱ्यांच्या सांगण्यात अंधश्रद्धा पुष्कळ होत्या, मापं तर कुणाचीच जुळत नसत. आजच्या चित्रफिती अधिक अचूक आहेत, हे मान्यच केलं पाहिजे. फक्त त्या आपल्याला कधी विचारत नाहीत, की मागच्या वेळी सांगितलं होतं ते नीट झालं का.

मुरवण्याची सुरुवात नदीतच व्हायची. ठेवण्याजोगी मादी काठाला आली की तिला एका फटक्यात मारायचं, लगेच कल्ले कापायचे आणि डोकं खाली करून वाहत्या पाण्यात धरायचं. रक्त पूर्ण निघून गेलं पाहिजे, कारण गाबोळीतल्या शिरांमध्ये रक्त राहिलं तर ती काळवंडते, कुजकट वास मारते, आणि मग कितीही खार लावा, उपयोग नाही. पोट फाडताना सुरीचं टोक वर ठेवायचं, आतल्या दोन्ही पिशव्या अखंड काढायच्या. नळाचं पाणी त्यांना लागू द्यायचं नाही. घरी आलं की ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशव्या टिपून घ्यायच्या, आणि चमच्याच्या पाठीने एकेक शीर हलकेच दाबत उरलेलं रक्त बाहेर सारायचं. दाणा फुटता कामा नये. आमच्या पिढीने आयुष्यात फार थोडी कामं इतक्या हळुवार हातांनी केली असतील.

आज वर्तमानपत्र कुठून आणायचं हाच प्रश्न आहे. ज्या ‘सिएटल पोस्ट-इंटेलिजन्सर’च्या पानांवर आमची गाबोळी सुकली, त्याचा छापील अंक १७ मार्च २००९ला बंद झाला. आता कागदी रुमालांची गुंडाळी असते, हातांत पातळ मोजे असतात, आणि ते चांगलंच आहे. आमच्या बोटांना चिकटलेला लाल रंग सोमवारी कचेरीतल्या सभेतही दिसायचा. तयार मिश्रणाची बाटली उघडायची, कापलेल्या गाबोळीवर भुरभुरायची, सगळं जाड पिशवीत भरून हलवायचं, की अर्ध्या तासात काम उरकतं. पिशवीतली हवा काढून ती बंद करणारं यंत्र आहे, त्यामुळे गाबोळीला बर्फाची बाधा होत नाही आणि ती वर्षभर सहज राहते. आमच्या बरण्यांतला वरचा थर दर वर्षी सुकून वाया जायचा.

आमच्या बरणीतला मुख्य पदार्थ होता बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार; सोनार डाग देताना वापरतो तोच. इथे तो कपडे धुण्याच्या साबणाशेजारी मिळायचा, आणि खोक्यावर वीस खेचरांच्या गाडीचं चित्र असायचं. १८८३ ते १८८९ या काळात कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतून हा खार खेचरांच्या लांबलचक गाड्या १६५ मैल ओढून रेल्वेपर्यंत आणत. तो दाण्याचं आवरण चिवट करतो आणि सडवणाऱ्या जंतूंना थोपवतो. त्यात साखर आणि मीठ मिसळायचं, आणि रंगासाठी कुणी स्ट्रॉबेरी जेलीची पूड घालायचं, कुणी खाण्याचा लाल रंग. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. आमच्यातल्या एकाने बडीशेपेचं पाणी घालून पाहिलं, आणि अनीसचं तेल इथले जुने लोक फार पूर्वीपासून घालतात हे त्याला नंतर कळलं.

बाटलीतल्या तयार मिश्रणालाही आता मोठा इतिहास आहे. वॉशिंग्टन राज्यातच १९३४पासून मुरवलेली सामनची अंडी बाटलीत भरून विकणारी कंपनी आहे. त्यामुळे पूर्वी सगळे घरीच करत आणि आता सगळे विकत घेतात, असं म्हणणं सरळ खोटं ठरेल. बाजार तेव्हाही होता. फरक इतकाच की तेव्हा बाजारातली बाटली नडीअडीला होती आणि घरची बरणी नेहमीची. आज नेमकं उलटं झालं आहे. गुलाबी, नारिंगी, जांभळा, अंधारात चमकणारा, जो हवा तो रंग मिळतो. झिंग्याची पूड, ट्यूनाचं तेल, लसूण, जो हवा तो वास मिळतो. आणि ही मिश्रणं मासा पकडण्यात आमच्या टाकणखारापेक्षा उणी नाहीत. उन्हाळी चिनूक सामनसाठी तर सरसच आहेत.

खार लावल्यावर खरी परीक्षा वाट पाहण्याची. पहिल्या काही तासांत गाबोळीला पाणी सुटायचं, बरणीच्या तळाशी लाल रस जमायचा, आणि दाणे सुरकुतून गेल्यासारखे दिसायचे. नवखा माणूस इथे घाबरायचा. मग रात्रभर लिंबाच्या लोणच्यासारखं ते मुरत जायचं, सुटलेला रस दाणे परत आत ओढून घ्यायचे, आणि सकाळी ते पुन्हा टपोरे झालेले असायचे. दर दोन-तीन तासांनी बरणी उलटी-सुलटी करायची. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस जाता जाता बरणी फिरवून झोपायचा. दुसऱ्या दिवशी जाळीवर निथळवून, बोटांना किंचित चिकटेल इतपत सुकवून, कोरड्या टाकणखारात घोळवून बरण्या भरायच्या. झाकणावर तारीख, नदी आणि माशाची जात लिहायची. दाणा दोन बोटांत दाबून पाहिला आणि तो फुटण्याआधी दबला, की जमलं.

आज वाट पाहायला वेळ नाही, असं आम्ही म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. तयार मिश्रणालाही एक रात्र लागतेच. बदललं आहे ते त्या रात्रीतलं आपलं असणं. पिशवी गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रिजमध्ये जाते, तिथे कुणी पाणी प्यायला जात नाही, आणि सकाळपर्यंत तिला कुणाचा हात लागत नाही. गाबोळी मुरते, पण घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो.

आमच्या वेळी घरात सगळ्यांना पत्ता असायचा, आणि सगळे त्यावर खूश असायचे असं मुळीच नाही. एकच फ्रिज, त्यात खालच्या कप्प्यात दूध, वरच्या कप्प्यात नैवेद्याचं लोणी, आणि मध्ये ही बरणी. कोहोचा हंगाम नेमका गणपती उतरल्यानंतरचा आणि नवरात्राच्या आसपासचा. भारतातून मुलांकडे आलेल्या सासूबाईंना नवरात्रात फ्रिजमध्ये माशाची अंडी ठेवलेली चालत नसत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणायला आमच्याकडे मुद्दा नव्हता. त्याहून गंभीर गोष्ट अशी की टाकणखार पोटात जाणं घातक आहे. आमच्या घरांत लहान मुलं होती आणि लाल, जेलीचा वास येणारी बरणी त्यांच्या हाताला लागण्यासारखी होती. झाकणावर ‘खाऊ नये’ असं ठळक मराठीत लिहून भागतं, असं आम्ही मानायचो. वाचता न येणाऱ्या मुलांचा विचार त्यात नव्हता. गॅरेजमधला कुलपाचा फ्रिज ही निःसंशय सुधारणा आहे.

त्या बरणीने शरद ऋतू हिवाळ्याला जोडून ठेवला होता, हे मात्र सुधारणेत हरवलं. ऑक्टोबरात पकडलेल्या कोहोची गाबोळी डिसेंबर-जानेवारीत स्टीलहेडसाठी लागायची. पहाटे थंडीने बधिरलेल्या बोटांनी बरणी उघडायची, गळाच्या दोऱ्याला घातलेल्या फासात एक तुकडा अडकवायचा, आणि झाकणावरची तारीख वाचून तो दिवस आठवायचा. कोण बरोबर होतं, पाऊस कसा होता, ही मादी कुठल्या खडकामागून आली. स्कायकोमिशवरची गाबोळी हो नदीत, ग्रीन नदीवरची स्कॅजिटमध्ये. एका माशावर दुसरा मासा उभा होता, एका ऋतूवर दुसरा. शिसं तळाच्या खड्यांवरून टकटक करत जायचं, आणि ती टकटक मध्येच मऊ झाली की श्वास रोखायचा.

आज हो नदीत आणि तिच्या शेजारच्या किनारपट्टीवरच्या नद्यांत हिवाळ्यात ती बरणी न्यायचीच नाही. डिसेंबर २०२०मध्ये राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने तिथे स्टीलहेडच्या हंगामात आमिषावर आणि तरंगत्या होडीतून गळ टाकण्यावर बंदी घातली. त्याआधी, २०१६पासून, राज्यात कुठेही जंगली स्टीलहेड ठेवता येत नाही. पाठीमागचा छोटा पर कापलेला असेल, म्हणजे मासा मत्स्यबीज केंद्रातला असेल, तरच ठेवायचा. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ला संकटग्रस्तांच्या यादीत आला, तिथला स्टीलहेड २००७ला. हे नियम आम्हांला डाचतात, पण त्यामागचं कारण आमच्याच हातांनी पाहिलेलं आहे. गाबोळी मासा नुसती तोंडात धरत नाही, गिळू लागतो; गळ खोल, कल्ल्यांपाशी रुततो, आणि असा मासा सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. ज्या आमिषाचा आम्हांला अभिमान होता, त्याचा गुण हाच त्याचा दोष होता.

दुसरा धक्का त्या आधीच बसला होता. २०१०च्या सुमारास शेजारच्या ओरेगनमधल्या संशोधकांनी दाखवलं की मुरवलेली अंडी खाऊन सामन आणि स्टीलहेडची पिल्लं मरू शकतात. बोट दाखवलं गेलं सोडियम सल्फाइटकडे. गाबोळीचा रंग तेजस्वी राहावा, दाणा रसरशीत राहावा, म्हणून ते बाजारातल्या मिश्रणांत असायचं, आणि पुष्कळ जण घरीही घालायचे. गळावरून सुटलेला तुकडा खाली वाहत जातो आणि बोटाएवढी पिल्लं तो टिपतात. म्हणजे ज्या नदीत मासा यावा म्हणून आम्ही उभे राहायचो, तिच्याच पुढच्या पिढीच्या तोंडी तो जायचा. आता सल्फाइटविना मिश्रणं मिळतात, पुडीवर तसं छापलेलं असतं, आणि नवी मुलं ते वाचून घेतात. आमच्या काळात कुणी वाचत नव्हतं, आणि वाचलं असतं तरी कुणाला अर्थ कळला नसता.

मोठ्या चिनूक मादीच्या पोटात साधारण तीन ते पाच हजार अंडी असतात. इतक्यांतून दोन मासे मोठे होऊन परत आले तरी नदीतली संख्या टिकते. हे आकडे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही फक्त पिशव्या तळहातावर तोलून पाहायचो. गाबोळी म्हणजे काय, हे आमच्या हातांना नेमकं कळत होतं आणि डोक्याला फारसं कळत नव्हतं. आजच्या मुलांचं उलट आहे. इसाक्वाच्या मत्स्यबीज केंद्रात, १९३०च्या दशकात मंदीतल्या बेकारांना काम म्हणून बांधलेल्या त्या आवारात, ऑक्टोबरात शाळांच्या सहली येतात. आसपास राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं काचेला नाक लावून सामन पाहतात, आणि अंडी, पिल्लं, समुद्र, परतीचा प्रवास हे चक्र न अडखळता म्हणून दाखवतात. त्यांना सगळं माहीत आहे. फक्त त्यांच्यातल्या बहुतेकांनी गाबोळी कधी हातात धरलेली नाही.

काठावरही आता गाबोळीऐवजी मणी आले आहेत. काचेचे, कडक प्लास्टिकचे, मऊ रबरी. सुटून वाहत आलेल्या एकट्या अंड्यासारखे दिसणारे. ताज्या अंड्याचा नारिंगी, जुन्या अंड्याचा दुधट गुलाबी, रक्ताचा ठिपका असलेला, असे बारीक भेद त्यांत आहेत, आणि ते बनवणाऱ्यांनी नदी नीट पाहिलेली आहे हे उघड आहे. मणी सडत नाही, त्यासाठी मादी मारावी लागत नाही, आणि गळ मण्यापासून थोडा खाली बांधला तर तो बहुधा तोंडाच्या बाहेरच्या बाजूला लागतो. सोडलेल्या माशाच्या दृष्टीने हे फार चांगलं आहे. आमची बरणी संपली की नदी पुन्हा गाठेपर्यंत काही नसायचं. मण्यांची डबी कधीच संपत नाही. आणि कदाचित म्हणूनच, तिच्यावर कुणी तारीख लिहीत नाही.

आमच्या पिढीला एक मोह वारंवार होतो. नदी आमच्या वेळी भरलेली होती आणि नंतर कुणीतरी ती बिघडवली, असं म्हणण्याचा. व्हँकुव्हरमधले मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५मध्ये एक गोष्ट मांडली: प्रत्येक पिढी आपण सुरुवात केली तेव्हाची माशांची संख्या हीच मूळची समजते, आणि त्यामुळे किती घसरण झाली हे कुणालाच दिसत नाही. हे आम्हांला तंतोतंत लागू पडतं. आम्ही ज्या नव्वदच्या दशकाचे गोडवे गातो, त्याच काळात काठावरचे म्हातारे म्हणायचे की तुम्ही फार उशिरा आलात. त्यांच्या आधीच्यांनी त्यांना तेच सांगितलं होतं. आणि त्या म्हाताऱ्यांच्या हळहळीत सगळं निर्मळ नव्हतं. १९७४मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की १८५०च्या दशकातल्या करारांनुसार पकडता येण्याजोग्या सामनचा अर्धा वाटा मूळ रहिवासी जमातींचा आहे. त्या निकालाचा राग काठावर अनेकांच्या बोलण्यात असायचा. मासा कमी होण्याचा सगळा दोष ते जमातींवर टाकायचे. ज्यांनी हजारो वर्षं त्या नद्यांवर मासा धरला आणि हंगामातल्या पहिल्या सामनचा सन्मानाने विधी केला, त्यांच्यामुळे नदी रिकामी झाली, हे म्हणणं अन्यायाचं होतं. आम्ही नवखे होतो, कृती शिकत होतो, आणि तो भाग ऐकून गप्प बसत होतो.

नदी कशाने रिकामी होते, हे आता आम्ही जास्त जाणतो, आणि त्यातलं पुष्कळसं आमच्या राहण्याशी बांधलेलं आहे. सिएटलच्या लाँगफेलो ओढ्यासारख्या शहरी ओढ्यांत पावसानंतर कोहो माद्या अंडी घालण्याआधीच मरून पडायच्या, पोटात गाबोळी जशीच्या तशी. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. डिसेंबर २०२०मध्ये संशोधकांनी ते मांडलं: मोटारींच्या टायरमध्ये रबर टिकावं म्हणून घातलेल्या एका रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन बनणारं विष, जे पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरून ओढ्यात जातं. म्हणजे पहाटे नदीवर जाणारी आमची गाडीसुद्धा वाटेत काहीतरी सोडत गेली होती. आम्ही एका मादीची गाबोळी वाया जाऊ नये म्हणून रात्रभर बरणी फिरवत होतो, आणि रस्त्याखालच्या नळातून किती गाबोळी वाया जाते आहे याची कुणाला कल्पना नव्हती.

मग हळहळ कशाची? माशांच्या संख्येची आहेच, पण ती आमच्या एकट्या पिढीची नाही. आमची स्वतःची हळहळ त्या देण्याघेण्याची आहे. हौशी माणसाने पकडलेला मासा किंवा त्याची गाबोळी विकणं कायद्याने मना आहे, त्यामुळे घरी मुरवलेली बरणी एका हातातून दुसऱ्या हातात जायची ती भेट म्हणूनच. नव्याला पहिली बरणी कुणीतरी द्यायचंच. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे आम्हांला आईने शिकवलेलं. पण त्या बरणीत खायचं काही घालून देणं शक्य नव्हतं. म्हणून दिवाळीत वेगळ्या डब्यातून चिवडा नि करंज्या जायच्या, आणि बरणी मात्र पुढच्या हंगामापर्यंत ठेवून, स्वतःच्या माशाची गाबोळी भरून परत केली जायची. तिच्यावरून त्या म्हाताऱ्याला कळायचं की हा आता शिकला. त्यांच्यातले बहुतेक आज नाहीत. त्यांच्या काही बरण्या आमच्याकडे राहिल्या, कारण परत करायच्या वर्षी मासाच मिळाला नाही, किंवा माणूस उरला नाही.

आज देण्याघेण्याची गरज उरलेली नाही. बाटली दुकानात आहे, माहिती फोनवर आहे, आणि नव्या मुलाला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. ज्याला आम्ही आपुलकी म्हणतो तिच्यात गरजूपणाही होता, हे विसरून चालणार नाही; चांगलं वागवणारा म्हातारा भेटला तर शिकायचं, नाही भेटला तर कोरडं परतायचं, आणि आमच्या रंगाच्या, आमच्या उच्चारांच्या माणसाला प्रत्येक काठावर चांगलंच वागवलं गेलं असंही नाही. आजची मोकळीक अधिक न्यायाची आहे. ती परत घ्यावी असं मला वाटत नाही.

मला हवं आहे ते थोडंच आहे, आणि ते आजच्या नियमांत बसतं. मत्स्यबीज केंद्रातल्या माशांचे हंगाम अजून काही नद्यांवर उघडतात, आणि तिथे आमिष चालतं. अशा एखाद्या माशाची मादी घरी आली, तर तिची गाबोळी मुलांसमोर काढावी, त्यांच्या हातात द्यावी, आणि शिरांतलं रक्त काढायचं काम त्यांच्याकडून करून घ्यावं. थोडी तळून खावी, थोडी मुरवावी, खायची आणि मुरवायची यांची भांडी वेगळी ठेवावीत, आणि यातला एकेक दाणा काय होऊ शकला असता ते त्याच वेळी सांगावं. आमच्या हातांना जे कळत होतं आणि त्यांच्या डोक्यांना जे कळतं, ते एकाच माणसात एकत्र आलं तर तो माणूस नदीवर आमच्यापेक्षा चांगला वागेल. गळ टाकेल किंवा टाकणार नाही, पण ओढ्यात काय सोडायचं आणि नदीतून किती घ्यायचं, हे ठरवताना त्याच्या मनात नुसता आकडा नसेल, बोटांत दाणाही असेल. आमच्या पिढीकडे देण्यासारखं एवढंच उरलं आहे, आणि आमचे हात थरथरू लागण्याआधी ते दिलं पाहिजे.